ऐकू न येणारा आवाज

आपल्या भाषेत लघवीला जाण्यासाठी 'लघुशंका' असा एक सभ्य शब्द आहे. पन्नाशी ओलांडली की ही शंका लघु राहत नाही. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, धार बारीक होते, झालं असं वाटतं आणि झालेलं नसतं. बायको विचारते, "काय होतंय?" नवरा उत्तर देतो, "काही नाही, गारठा आहे." मे महिन्यातसुद्धा हेच उत्तर! मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंतचं. डॉक्टरकीशी माझा संबंध नाही. पण पन्नाशीतल्या पुरुषांशी आहे, कारण मी त्यांच्यातलाच एक आहे. म्हणून आज प्रोस्टेटच्या कर्करोगाविषयी आणि त्यावरच्या एका वेगळ्या उपायाविषयी बोलणार आहे. हा उपाय आवाजाचा आहे. मात्र तो आवाज कुणालाही ऐकू येत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. रात्री उठावं लागतं म्हणजे कर्करोग झाला, असं मुळीच नाही. वयाबरोबर बहुतेक पुरुषांची ही ग्रंथी वाढते. ती वाढ साधी असते आणि त्रास बहुधा तिचाच असतो. कर्करोग सुरुवातीला सहसा काहीच त्रास देत नाही. म्हणून तर तो लबाड. रक्ताची 'पीएसए' नावाची तपासणी त्याचा इशारा देऊ शकते; पण साधी वाढ किंवा जंतुसंसर्ग असला तरी तो आकडा वाढतो. म्हणजे हा आकडा चौकशीची सुरुवात आहे, निकाल नव्हे.

ही ग्रंथी असते अक्रोडाएवढी, मूत्राशयाच्या तोंडाशी. मूत्रनलिका तिच्या मधूनच जाते. मागे गुदाशयाची भिंत, खाली लघवी रोखून धरणारा स्नायू आणि दोन्ही बाजूंना लैंगिक ताठरता सांभाळणाऱ्या नसा. चाळीतल्या मधल्या खोलीसारखी तिची अवस्था आहे. तिथं हातोडा मारला, की शेजारच्या भिंतीला हादरा बसतोच.

अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. ह्यू यंग यांनी १९०४ साली कर्करोगासाठी ही ग्रंथी पूर्णपणे काढण्याची शस्त्रक्रिया केली. त्याच रुग्णालयात १९८२ साली डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी बाजूच्या नसा जपत ती कशी करायची, हे दाखवून दिलं. या दोन तारखांमध्ये अठ्ठ्याहत्तर वर्षं गेली! त्या काळात जीव वाचलेले कितीतरी पुरुष एक न सांगता येणारं दुःख बरोबर घेऊन जगले. आजची शस्त्रक्रिया आणि आजचं रेडिएशन पुष्कळ सुधारलं आहे. तरीही काहींना लघवी गळण्याचा त्रास उरतो, काहींची लैंगिक क्षमता जाते.

हे दुःख म्हणजे काय, ते मी आमच्या एका मामूंच्या बाबतीत पाहिलं. ऑपरेशन यशस्वी झालं होतं, कर्करोग गेला होता. पण थेंब-थेंब गळणं राहिलं. मामू आयुष्यभर मशिदीत पहिल्या रांगेत उभे राहिलेले. ते आधी दाराजवळच्या शेवटच्या रांगेत गेले आणि मग घरीच नमाज पढू लागले. वुजू टिकत नाही, कपडे पाक राहत नाहीत, ही बोच. मौलाना घरी येऊन समजावून गेले. ज्याचं गळणं थांबतच नाही त्याला धर्मानं सवलत दिली आहे. प्रत्येक नमाजच्या वेळेला नवा वुजू करावा आणि निर्धास्त पढावी. मामूंनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि घरीच राहिले. मसला सुटला, संकोच सुटला नाही. पुढे लग्नकार्याला जाणं थांबलं, एसटीचा लांबचा प्रवास थांबला. डॉक्टरांच्या कागदावर ते पूर्ण बरे झालेले रुग्ण होते.

मग प्रश्न येतो, की प्रत्येकाला एवढी किंमत मोजायलाच हवी का? ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी हा प्रश्न फार चिकाटीनं तपासला. १९९९ ते २००९ या काळात त्यांनी ग्रंथीपुरताच रोग असलेल्या १,६४३ पुरुषांचे तीन गट केले. कोण कुठल्या गटात जाईल, हे चिठ्ठी टाकावी तसं ठरलं. एका गटावर शस्त्रक्रिया, दुसऱ्याला रेडिएशन आणि तिसऱ्यावर नुसतं लक्ष ठेवायचं. रोग वाढतोय असं दिसलं तर मात्र उपचार करायचे. पंधरा वर्षांचा हिशेब २०२३ साली प्रसिद्ध झाला. तिन्ही गटांत मिळून शंभरातले सुमारे ९७ जण या रोगानं दगावले नव्हते, आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पण लक्ष ठेवलेल्या गटात शंभरातल्या नऊ जणांच्या शरीरात रोग इतरत्र पसरला. उरलेल्या दोन गटांत तो शंभरातल्या पाच जणांच्या आसपास पसरला. म्हणजे घाई करण्याचं कारण नाही, आणि विसरून जाण्याचंही नाही. सगळं काढणं आणि नुसतं पाहणं, यांच्या मधली एखादी वाट असावी असं वाटायला लागतं ते इथंच.

ती मधली वाट म्हणजे एका जागी केंद्रित केलेल्या ध्वनीलहरी.

आपला कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो. त्यापलीकडचा तो अल्ट्रासाउंड. सोनोग्राफीत पोटातलं बाळ आपल्याला दिसतं ते याच लहरींमुळे. तिथं त्या सौम्य असतात आणि नुसतं चित्र काढतात. त्याच लहरी जोरदार करून एका बिंदूवर आणल्या तर? लहानपणी आपण सगळ्यांनी भिंगानं ऊन एकवटून कागद जाळला आहे. भिंगाखाली हात धरला तर वरच्या बाजूला नुसतं ऊन लागतं. चटका बसतो तो बिंदूपाशी. इथंही तसंच. लहरी वाटेतल्या मांसातून जाताना फारसा अपाय करत नाहीत. जिथं एकत्र येतात तिथं मात्र तपमान काही सेकंदांत ८० अंशांच्या आसपास पोचतं. पेशी ६० अंशांपलीकडे क्षणभरही तग धरत नाहीत. एका वेळी तांदळाच्या दाण्याएवढा भाग शिजून निघतो. मग पुढचा दाणा, मग त्याच्या शेजारचा.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात विल्यम आणि फ्रान्सिस फ्राय या भावांनी १९५०च्या दशकात मेंदूवर असे प्रयोग केले होते. अडचण एकच होती. आवाज आत कुठं लागतोय, हे दिसत नव्हतं. आंधळ्या भिंगाचा काय उपयोग? पुढे जर्मनीत म्युनिकमध्ये १९८० साली डॉ. ख्रिश्चन शॉसी यांनी शरीराबाहेरून आघातलहरी सोडून मुतखडा फोडून दाखवला. आज आपल्याकडच्या जिल्ह्याच्या गावातही लोक 'खडा लेझरनं फोडला' असं सांगतात, तेव्हा पुष्कळदा तो लेझरनं नव्हे, अशा लहरींनी फोडलेला असतो. याच शॉसींनी पुढे प्रोस्टेटसाठी केंद्रित ध्वनीवर काम केलं. फ्रान्समध्ये ल्योन इथं डॉ. अल्बेर जले यांनी १९९०च्या दशकात रुग्णांवर हा उपचार सुरू केला.

खरा बदल घडवला तो एमआरआयनं. ग्रंथीत रोगाची गाठ नेमकी कुठं आहे, हे त्यात बऱ्यापैकी दिसू लागलं. स्तनाच्या कर्करोगात पूर्वी सगळा स्तन काढत असत. आता पुष्कळ वेळा गाठच काढतात. तसंच इथंही का करू नये, असं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या डॉ. मार्क एम्बर्टन आणि डॉ. हाशिम अहमद यांनी विचारलं. सगळ्या ग्रंथीला शेकण्याऐवजी त्यांनी गाठ आणि तिच्या कडेचा थोडा भाग एवढंच लक्ष्य ठरवलं.

उपचार असा होतो. रुग्णाला भूल देतात. गुदद्वारातून एक नळी आत सरकवतात. तिच्या टोकाशी चित्र दाखवणारा ध्वनी असतो आणि जाळणाराही. गुदाशयाची भिंत पोळू नये म्हणून गार पाणी खेळवत ठेवतात. दोनएक तासांत काम होतं. पोटावर चीर नाही, टाका नाही. बहुतेक जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. लघवीची नळी मात्र काही दिवस ठेवावी लागते.

आता निकाल. ब्रिटनमधल्या नऊ केंद्रांतल्या ६२५ पुरुषांचा अहवाल २०१८ साली आला. पाच वर्षांनी त्यांतले ८८ टक्के असे होते, ज्यांना पुढे शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन लागलं नव्हतं आणि ज्यांचा रोगही पसरला नव्हता. पॅड लावण्याची वेळ शंभरातल्या दोघांवर आली आणि सुमारे पंधरा जणांची लैंगिक क्षमता गेली. मामूंची शेवटची रांग आठवली, की या 'शंभरात दोन' आकड्याचं मोल मला कळतं.

पण आकड्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. काहींना हाच उपचार पुन्हा घ्यावा लागला, आणि तो 'अपयश' म्हणून मोजलेला नाही. शिवाय हा रोग रेंगाळत चालणारा आहे. त्याच्या हिशेबात पाच वर्षं म्हणजे थोडा काळ. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१५ साली या यंत्रांना परवानगी दिली, तीही प्रोस्टेटच्या पेशी नष्ट करण्यासाठी. कर्करोग बरा होतो, असा शिक्का त्यावर मारला नाही. हा फरक जाहिरातीत दिसत नाही. 'बिनटाक्याचा, बिनरक्ताचा इलाज' एवढंच मोठ्या अक्षरांत असतं.

मुख्य गोष्ट अशी, की हा रोग एकाच ग्रंथीत पुष्कळदा दोन-तीन ठिकाणी असतो. गाठ जाळली तरी उरलेली ग्रंथी शरीरातच राहते. म्हणून पुढची अनेक वर्षं पीएसए, एमआरआय आणि लागेल तेव्हा बायोप्सी यांचं सत्र चालू ठेवावं लागतं. कमी कापायचं असेल, तर जास्त काळ जागं राहावं लागतं. ज्याला दर काही महिन्यांनी शहरात तपासणीला येणं जमणार नाही, त्यानं याचा विचार आधीच करावा.

शिवाय हा उपचार सर्वांसाठी नाही. अगदी मंद रोगाला बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवणं पुरतं. तिथं हा आवाजही जास्तच. रोग उग्र असेल तर शस्त्रक्रिया किंवा रेडिएशनच भरवशाचं. ग्रंथी फार मोठी असेल, आत कॅल्शियमचे खडे असतील, तर लहरी अडतात. आणि रोग हाडांपर्यंत गेला असेल, तर एका जागी लागणारं हे भिंग काय करणार? आपल्याकडे अनेक रुग्ण या अवस्थेतच पहिल्यांदा डॉक्टरांसमोर येतात. उरतो तो मधला गट. रोग मध्यम जोराचा, ग्रंथीच्या आत, शक्यतो एका बाजूला आणि एमआरआयमध्ये स्पष्ट दिसणारा. अशा माणसानं हा पर्याय जरूर विचारावा. उपचारानंतर लघवी अडणं, जंतुसंसर्ग, नलिका अरुंद होणं असे त्रास होऊ शकतात. क्वचित गुदाशयाला भोकही पडतं. हे सगळं समजून घेऊनच सही करावी.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न सोपे आहेत. माझा रोग किती जोराचा आहे? तो नेमका कुठं आहे? मी काहीच केलं नाही तर काय होईल? तुम्ही स्वतः असे किती उपचार केले आहेत, आणि तुमच्या रुग्णांपैकी कितींना नंतर गळतीचा त्रास झाला? हा उपाय फसला, तर पुढे कुठला मार्ग उरतो? एवढं विचारल्यानं कुठल्याही चांगल्या डॉक्टरचा अपमान होत नाही. जमलं तर या वेळी पत्नीला किंवा मुलाला बरोबर न्यावं. भीतीच्या वेळी दोन कान कमी पडतात.

विज्ञानानं ऐकू न येणाऱ्या आवाजाला कामाला लावलं. पण ते यंत्र सुरू होण्याआधी एक साधा, ऐकू येणारा आवाज लागतो. तो पुरुषाचा स्वतःचा. "मला लघवीचा त्रास होतोय" आणि "मला लाज न गमावता जगायचंय" ही दोन वाक्यं त्यानं मोठ्यानं म्हटली पाहिजेत. पहिलं वाक्य डॉक्टर कुठंही ऐकतात. दुसरं आपणच सांगावं लागतं, कारण ते कुठल्याही तपासणीत दिसत नाही.