लिहिण्याचा अधिकार

समजा, नोएडातील एका घरात कपाटाच्या कोपऱ्यात एक लहानसा संगणक अहोरात्र चालू आहे. कुटुंबाची छायाचित्रे, बिले, कागदपत्रे त्यावर साठवलेली आहेत. अशा यंत्राला घरगुती सर्व्हर म्हणतात. त्याचा मालक गुरुग्राममधील कचेरीतून ही कागदपत्रे सहज वाचतो. परंतु प्रणालीच्या फोल्डरातील एखादी नोंद बदलू गेला की उत्तर येते : ‘परवानगी नाही’. यंत्र स्वतःचे, घर स्वतःचे, तरीही नकार का, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

या नकाराचे मूळ युनिक्स प्रणालीत आहे. केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत तिचा पाया घातला. एका यंत्रावर अनेक जण काम करीत; म्हणून मालक, गट व इतर असे तीन वर्ग पडले आणि वाचणे, लिहिणे, चालवणे हे अधिकार प्रत्येक वर्गाला वेगळे देता येऊ लागले. घरगुती सर्व्हरवर सामान्यतः असणारी लिनक्स प्रणाली हीच व्यवस्था पाळते. तेथे प्रणालीच्या फोल्डरांचा मालक ‘रूट’ हा सर्वाधिकारी असतो. इतरांना बहुधा केवळ वाचता येते.

तेव्हा दोष शोधताना क्रम पाळावा. दूरचा वापरकर्ता सर्व्हरवर कोणत्या नावाने ओळखला जातो, हे प्रथम पाहावे. मग फोल्डराचा मालक व अधिकार तपासावेत. सांबासारख्या सेवेतून फोल्डर खुला केला असेल, तर तिची नियमावलीही पाहावी. वेगळे सांगितले नाही तर ती केवळ वाचू देते. या दोन दरवाजांपैकी एक जरी बंद असला, तरी लेखन होत नाही. शेवटी, दोष आढळल्यामुळे प्रणालीने तबकडीच ‘केवळ वाचनासाठी’ जोडली आहे काय, हेही पाहावे.

अधीर मनुष्य येथे सर्वांना सर्व अधिकार देऊन मोकळा होतो. वाचण्याला ४, लिहिण्याला २, चालवण्याला १. म्हणून ही आज्ञा ७७७ या अंकांनी दिली जाते. ‘ईटीसी’ या फोल्डरातील सर्व फाइलींवर ती चालवली, तर ‘सुडो’ आपली नियमांची फाइल सर्वांना लिहिण्याजोगी पाहून कामच नाकारतो. दूरप्रवेशाची ‘एसएसएच’ सेवाही उघड्या पडलेल्या किल्ल्या स्वीकारीत नाही. ती पुन्हा सुरू करताच मालकच बाहेर राहतो.

योग्य मार्ग साधा आहे. १९९५ मध्ये फिनलंडच्या तातु युलोनेन यांनी निर्माण केलेल्या एसएसएचमधून स्वतःच्या नावाने प्रवेश करावा, फाइल प्रथम स्वतःच्या फोल्डरात ठेवावी आणि सुडोच्या साह्याने त्या एका कामापुरता अधिकार घेऊन ती योग्य जागी हलवावी. सॉल्ट्झर व श्रोडर यांनी १९७५ मध्ये हेच तत्त्व मांडले : कामाला लागेल तेवढाच अधिकार द्यावा.

अधिकाराच्या सीमा ढिल्या राहिल्यास काय घडते, हे दिल्लीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पाहिले. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पाच सर्व्हर बाधित होऊन सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. तेथील दोष फोल्डरांच्या परवानगीचा नव्हता. जाळ्याची विभागणी योग्य नव्हती, असे सरकारने संसदेत सांगितले. रुग्णांच्या नोंदी काही दिवस हातांनी कराव्या लागल्या. बाधा न झालेल्या एका राखीव सर्व्हरवरून माहिती परत मिळाली. घरच्या सर्व्हरचा पसारा लहान असला, तरी त्यातील छायाचित्रांची दुसरी प्रत नसेल, तर हानी तितकीच कायमची होते. म्हणून अधिकार बदलण्यापूर्वी एक प्रत अन्यत्र ठेवावी, आणि नकार मिळाला तर तो कोणत्या दरवाजातून आला, हे आधी पाहावे.