गोतसभेचा महजर

सतराव्या शतकांत महाराष्ट्रांतील एखाद्या गांवच्या पाटिलकीवर दोन घराण्यांनीं हक्क सांगितला, म्हणजे तो केवळ जमिनीचा किंवा मानाच्या विड्याचा तंटा राहत नसे. हरणाऱ्याच्या नातवंडांनाही त्याच गांवांत मान खालीं घालून वावरावें लागे. असा तंटा तोडणाऱ्या गोतसभेपाशीं ना स्वतंत्र इमारत, ना शिपायांची पलटण. गोत म्हणजे येथें नुसते भाऊबंद नव्हेत, हें श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें. त्या मुलखांतील वतनदार व बलुतेदार मिळून तें गोत. मग त्याचा निवाडा लोक मानीत कां?

त्याचें उत्तर ‘महजर’ या शब्दांतच आहे. ‘हजर’ आणि ‘हुजूर’ हे शब्द ज्या अरबी धातूपासून निघाले, त्याचाच हा भाऊबंद. निवाड्याच्या या पत्रांत हाजिर मजलशीचीं नांवें मोठ्या दक्षतेनें नोंदलेलीं असत. आदिलशाही अंमलांत काजी, मग देशमुख, देशपांडे, शेटे, आसपासच्या गांवांचे पाटील-कुलकर्णी, आणि अखेरीस बलुतेदार. अक्षरशत्रूही यांतून सुटत नसे. पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी, न्हाव्याचा आरसा. ज्याचा जो व्यवसाय, त्याची ती निशाणी. निशाणी केलेल्याला पुढें ‘मला ठाऊक नाहीं’ म्हणण्याची सोय उरत नसे. नांवांच्या या ओळींतून गांवाची उतरंडही उघड दिसे. महाराचें नांव तळाशीं लागे. परंतु शिवेच्या वादांत त्याच्या साक्षीवांचून पान हालत नसे.

साक्षीपुराव्यानें निकाल न लागला, तर दिव्य. रवादिव्यांत उकळत्या तेला-तुपांतून धातूचा तुकडा हातानें काढावयाचा. त्याआधीं हात धुवून, नखें काढून, जुने व्रण सर्वांसमक्ष पाहून घेत. दावा लिहिलेलें भाळपत्र कपाळीं बांधीत. नंतर हात पिशव्यांत घालून वर मोहर करीत. तिसऱ्या दिवशीं मजलशीपुढें ती मोहर फोडीत. कातडी भाजली नाहीं म्हणून दावा खरा मानणें हा अन्यायच, यांत शंका नाहीं. पण त्या दोन रात्रीं सबंध पंचक्रोशीला दुसरा विषय नसावा, हेंही तितकेंच खरें.

गोतांत सोयरीक आड येईल अशी भीति वाटली, तर वादी दुसरें थळ मागे.

सर्वांत विलक्षण कागद हरणाऱ्याचा. आपण खोटे ठरलों अशी कबुली, म्हणजे ‘येजितखत’, त्यानें स्वतः जिंकणाऱ्यास लिहून द्यावयाची. वर सरकारांत गुन्हेगारी भरावयाची ती निराळीच. जिंकणाऱ्यालाही हरकी द्यावी लागे.

इतकें होऊनही सारे तंटे मिटत असें नाहीं. १६३६ सालीं निजामशाही बुडाली, १६८६ मध्यें आदिलशाही गेली. राज्य बदललें कीं हरलेलें घराणें जुनाच दावा घेऊन नव्या दिवाणांत उभें राही. मग जिंकलेल्या घरच्या पेटींतून तो महजर बाहेर निघे, आणि त्यावरील नांगर, तागड्या व आरसे पुन्हां एकेक करून पाहिले जात.