माघातली मधपेटी
(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बेळगावात परस राखलेली घरे अजून आहेत. आम्ही बागायतीच्या नोकरीत असल्याने मधपेटीची चौकशी करणारे पुष्कळ भेटतात. तक्रार एकच: “वर्षभर माश्या होत्या, आंबा मोहरला आणि गेल्या.” म्हणून आज माघी गणेशजयंती ते होळी एवढ्याच दिवसांविषयी बोलतो.

आपली पाळीव माशी सातेरी, कानडीत तुडुवे. मोहरामुळे पराग भरपूर येतो, राणी जास्त अंडी घालते, पेटी दाटते. आधी नरमाश्या वाढतात, मग पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी, खाली तोंड केलेली राणीघरे दिसू लागतात. अंड्यापासून आठव्या-नवव्या दिवशी राणीघर बंद होते आणि त्या सुमारास जुनी राणी बऱ्याच माश्या घेऊन बाहेर पडते. म्हणून या दिवसांत पेटी दर आठवड्याला, ऊन आल्यावर, थोडा धूर देऊन उघडावी.

राणीघरे नुसती मोडून भागत नाही. माश्या पुन्हा बांधतात. जागा कमी असेल तर मधकोठी चढवा. वसाहत जोरात असेल तर तिच्या दोन करा: जुनी राणी, पिलाव्याच्या दोन-तीन चौकटी आणि त्यांवरच्या माश्या नव्या पेटीत, जुन्या पेटीत एक-दोन चांगली राणीघरे ठेवा. मध काढायचा तो मधकोठीतलाच. पिलाव्याचे पोळे पिळले तर पुढची पिढीच जाते. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, मुंग्या चढत नाहीत. तळफळी झाडत राहा, म्हणजे मेणकिडा माजत नाही.

1991-92 च्या सुमारास थाई सॅकब्रूड रोगाने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या बहुतेक वसाहती संपवल्या होत्या. ज्या टिकल्या, त्यांचाच हा वंश. आज तो आपल्या फवारणीने मरतो. शेजारच्या काकांना प्रेमाने सांगा: मोहर फुललेला असताना औषध मारू नका, नाइलाजच असेल तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर मारा, आणि आम्हाला आदल्या दिवशी कळवा.

आता भाद्रपद आहे. पावसाने फुलोरा कमी, पेट्या अशक्त. समभाग साखर-पाण्याचा पाक संध्याकाळी पेटीच्या आत ठेवा, बाहेर सांडू नका. आज जी वसाहत तगेल, तीच माघात दोन होईल. तेव्हा एक आपल्याकडे ठेवा, दुसरी शेजाऱ्याला द्या. मग तोही फवारणीआधी विचारील.

गणपती बाप्पा मोरया!