जुन्या वर्तमानपत्रांतून आपल्या घराचा इतिहास

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



संस्थेने मला विषय दिला तो ‘आपल्या कुटुंबाचा इतिहास कसा शोधावा’ असा. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. बँकेतला कारकून आहे. व्हाउचर असल्याशिवाय खात्यात नोंद करायची नाही, एवढी एकच शिस्त मला नोकरीने शिकवली. तीच शिस्त घेऊन मी गेली काही वर्षे सुटीच्या दिवशी ग्रंथालयांत जुनी वर्तमानपत्रे चाळतो आहे. त्यातून जे हाती आले ते तुमच्यासमोर ठेवतो.

महाराष्ट्रात अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गावाहून आला, त्याच्या शाखा कुठे गेल्या, हे सारे त्यात असते. तीर्थक्षेत्रांच्या उपाध्यायांच्या वह्यांत काहींच्या सात-सात पिढ्यांची नावे सापडतात. पण ज्यांना देवळाच्या पायरीलाही शिवू दिले नाही, त्यांनी अशा वह्यांत आपल्या पणजोबाचे नाव शोधण्यात अर्थ नाही. मग आपली माणसे कागदावर कुठे आहेत? काही वतनाच्या दप्तरात आहेत, काही गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो. काही शाळेच्या दाखल्यात, काही पलटणीच्या पेन्शनच्या कागदात. परंतु या सर्व ठिकाणी आपला माणूस कसा आहे? तो कुणाचा तरी चाकर म्हणून, कुणाच्या तरी हाताने, त्या हाताला वाटेल तसा लिहिला गेलेला आहे. तो स्वतः काय बोलला, कशासाठी उभा राहिला, हे त्या दप्तरात नाही. ते आहे आपल्या वर्तमानपत्रांत.

ही परंपरा बाबासाहेबांच्याही आधीची आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झाल्यावर ‘दीनबंधु’सारख्या पत्रांत लिहीत असत. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ सुरू केले आणि मुरळ्या सोडण्याच्या चालीविरुद्ध त्यातून आवाज उठवला. नागपूरकडे किसन फागू बनसोडे यांनी एकामागून एक पत्रे काढली. त्यानंतर ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पुढे ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’, १९२८ साली ‘समता’, २४ नोव्हेंबर १९३० ला ‘जनता’, आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासून त्याच ‘जनता’चे झालेले ‘प्रबुद्ध भारत’. या पत्रांतले अग्रलेख आपण अभ्यासले, त्यावर व्याख्याने केली. पण अग्रलेखाच्या मागची पाने आपण फारशी वाचली नाहीत. कुटुंबाचा इतिहास शोधणाऱ्याने नेमकी तीच पाने वाचावीत. तिथे गावोगावच्या सभांचे वृत्तांत आहेत, गाऱ्हाणी आहेत, ठराव आहेत, पत्रे आहेत, देणग्यांची पोच आहे. अग्रलेखात बाबासाहेब बोलतात. मागच्या पानांवर तुमचे-आमचे आजे बोलतात.

आता शोधायचे कसे ते सांगतो.

पहिली गोष्ट, ग्रंथालयात जाण्याआधी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ जाऊन बसा. मूळ गाव, तालुका, आजोळ, मुंबईला आल्यावर प्रथम कोणत्या चाळीत उतरले, कोणत्या गिरणीत वा खात्यात लागले, हे लिहून घ्या. आपल्या वृद्धांना सन सांगता येत नाही म्हणून हताश होऊ नका. “बाबासाहेब गेले तेव्हा तुमचा बाप शाळेत होता का?”, “कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कुठे राहत होता?”, असे विचारा. ६ डिसेंबर १९५६ आणि ११ डिसेंबर १९६७ या तारखा आपल्याला ठाऊक आहेत. त्यांच्या आधाराने बाकीची वर्षे लावता येतात. चार-पाच वर्षांची मर्यादा ठरली की मगच अंक मागवा. नाहीतर पंचवीस वर्षांच्या ‘जनता’च्या फायली पाहून माणूस पहिल्याच दिवशी घरी परततो.

दुसरी गोष्ट, आडनावावर भिस्त ठेवू नका. त्या काळी आपल्या पुष्कळ माणसांना आडनाव लावायची रीत नव्हती. नाव, बापाचे नाव आणि जात एवढेच लिहीत. नावापुढे ‘नाक’ लागे. सिदनाक, रामनाक अशी नावे होती. पुढे कुणी गावावरून ‘कर’ लावले, कुणी शाळेत मास्तरांनी घातले तेच आडनाव पुढे चालवले, कुणी धर्मांतरानंतर नाव बदलले. तुमच्या दाखल्यावरचे आडनाव आजोबांच्या तोंडी कधी आलेही नसेल. म्हणून आधी गाव शोधा, मग माणूस. गाव शोधताना जिल्ह्यांची नावेही जुनी घ्या. आजचा रायगड १९८१ पर्यंत कुलाबा होता. सिंधुदुर्ग रत्नागिरीत होता. सांगलीकडच्या माणसाने दक्षिण सातारा पाहावा, जालन्याच्या माणसाने औरंगाबाद, लातूरच्या माणसाने उस्मानाबाद.

तिसरी गोष्ट, एकच बातमी दोन पत्रांत पाहा. २० मार्च १९२७ रोजी महाडला आपले लोक चवदार तळ्याचे पाणी प्याले. नंतर ते वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून त्यांना मारहाण झाली. ही हकिकत ‘बहिष्कृत भारता’त एका प्रकारे येते, इतर पत्रांत दुसऱ्या प्रकारे. एकात मार खाणाऱ्याची बाजू असते, दुसऱ्यात ‘दंगा’ हा एकच शब्द असतो. तळ्याचा दावा हायकोर्टात १९३७ साली आपल्या बाजूने सुटला, त्यामुळे तिथे कोर्टाचे कागदही जोडीला आहेत. जिथे मूळ अंकच नाहीत, तिथे एक आडवाट आहे. इंग्रज सरकार देशी भाषांतल्या पत्रांवर नजर ठेवी आणि त्यांतल्या मजकुराचे इंग्रजी सार दर आठवड्याला गुप्तपणे तयार करी. ते अहवाल सरकारी दप्तरखान्यात राहिले आहेत. आपल्यावर पाळत ठेवण्यासाठी केलेले काम आज आपल्याच उपयोगी पडते.

चौथी गोष्ट, सापडलेले नाव लगेच आपल्या आजोबांचे समजू नका. एका गावात एकाच नावाची तीन माणसे असत. जुळाऱ्याच्या हातून ‘सखाराम’चा ‘साबाराम’ होई. नाव, गाव आणि काळ, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच नोंद पक्की धरा. दोन जुळल्या तर ‘संभव आहे’ असे लिहा. एकच जुळली तर कागद बाजूला ठेवा. तथागतांनी केसमुत्तच्या कालामांना काय सांगितले, ते या विहारात नव्याने सांगायला नको. परंपरेने चालत आले म्हणून, ऐकीव आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, तपासून पाहा. हा उपदेश आपण दुसऱ्यांच्या पोथ्यांना लावतो. तो आपल्या घरातल्या गोष्टींनाही लावला पाहिजे. हे किती अवघड आहे ते मी अनुभवाने सांगतो.

आमच्या घरात सांगत आले की आजोबांनी महाडनंतर गावची मेलेली गुरे ओढणे सोडले, गावाने वाळीत टाकले तरी ते वाकले नाहीत, आणि तडक मुंबईला निघून आले. ही गोष्ट ऐकत आम्ही वाढलो. त्या वर्षांच्या आपल्याच एका पत्रात मला आमच्या गावचे गाऱ्हाणे सापडले. वाण्याने मीठ-मिरची बंद केली, शेतावरची मजुरी बंद झाली, गुरे चारायची वाट बंद झाली. अडीच महिने वाडीने दम धरला. नंतर काही घरे गावकीच्या कामाला परत गेली. बातमीदाराने मोठ्या खेदाने त्यांची नावे दिली होती. त्यात माझ्या आजोबांचे नाव होते. बापाचे नाव जुळत होते, गाव जुळत होते, साल जुळत होते.

मी तो उतारा घरी वाचून दाखवला तेव्हा चुलते संतापले. म्हणाले, “हे कुणाला दाखवू नकोस. बापाची अब्रू काढायला शिकलास काय?” चार दिवस आमच्यात बोलणे नव्हते. मग एके रात्री आपणहून म्हणाले, “आई सांगायची, एका पावसाळ्यात घरात दाणा नव्हता. धाकटी बहीण त्याच पावसाळ्यात गेली. आम्हाला वाटायचं, दुष्काळ असेल.” तो दुष्काळ नव्हता. तो बहिष्कार होता. आजी आयुष्यभर तो पावसाळा सांगत राहिली आणि आम्ही त्याचा अर्थ त्या दिवशी लावला.

मी पुढचे अंक पाहत राहिलो. तीन वर्षांनी देणगीच्या पोचेत, मुंबईच्या एका चाळीतल्या मंडळींच्या यादीत, तेच नाव, तोच बाप, तेच गाव. रक्कम आठ आणे. आता मला सांगा, यातला खरा आजोबा कोणता? जो कधीच वाकला नाही तो, की ज्याने मूल गमावले, पोटासाठी मान खाली घातली, आणि ज्या चळवळीच्या पत्राने त्याचे नाव खेदाने छापले, त्याच चळवळीला पुढे गिरणीच्या मजुरीतून आठ आणे दिले तो? पहिला आजोबा तसबिरीत शोभतो. दुसरा मला जास्त मोठा वाटतो. चुलत्यांनीही शेवटी तो उतारा फायलीत ठेवू दिला. गावाचे नाव मात्र मी आज मुद्दाम घेत नाही. त्या यादीत इतर घरेही आहेत, आणि त्यांची गोष्ट सांगायची की नाही हे त्यांच्या नातवंडांनी ठरवायचे आहे. हा नियम तुम्हीही पाळा, ही विनंती.

बंधू-भगिनींनो, या पत्रांत एक मोठी उणीव आहे, तीही सांगितली पाहिजे. आमच्या आजीचे नाव मला कुठेच मिळाले नाही. सभेला ‘स्त्रियांचाही समुदाय मोठा होता’ एवढ्या एका ओळीत शेकडो आज्या बसवल्या आहेत. पण शोध थांबवू नये. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ १९८९ साली केला, तो जुने कागद तपासून आणि गावोगाव वृद्ध स्त्रियांना भेटून. जुलै १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेच्या अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे होत्या. अशा परिषदांच्या वृत्तांतांत स्त्रियांची नावे नावानिशी येतात. तिथे पाहा. जिथे कागद गप्प आहे, तिथे जिवंत माणसाला विचारा. तीही उद्या असेल याचा भरवसा नाही.

अंक कुठे पाहावेत? ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ १९९० साली महाराष्ट्र शासनाने एकत्र ग्रंथरूपाने काढले, वसंत मून यांच्या संपादनाखाली. आरंभ तिथून करावा. चां. भ. खैरमोडे यांच्या बाबासाहेबांच्या चरित्राचे बारा खंड म्हणजे त्या काळच्या सभा-परिषदांच्या तारखांचे भांडारच. त्याखेरीज दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटी, आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतला राज्याचा दप्तरखाना. आता काही जुने अंक संगणकावरही पाहायला मिळतात. पण जुना मराठी टाइप संगणकाला धड वाचता येत नाही. नाव टाकले आणि मिळाले नाही, म्हणजे ते नाहीच असे समजू नका. पान डोळ्यांनी वाचावे लागते. सापडल्यावर पत्राचे नाव, तारीख, पान आणि रकाना तिथल्या तिथे टिपा. नुसता मोबाईलवर फोटो काढून आणाल तर वर्षभराने तो कोणत्या अंकाचा हे तुम्हालाच आठवणार नाही.

आणि तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत असे जुने अंक असतील तर ते सांभाळा. त्यांना चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये दाबून घेऊ नका, थुंकी लावून पाने उलटू नका. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी आडवे ठेवा, आणि सर्वांत आधी त्यांचे फोटो काढून घ्या. वर्तमानपत्राचा कागद टिकण्यासाठी केलेला नसतो. तो पिवळा पडतो, घडीवर तुटतो, शेवटी भुगा होतो. तो भुगा झाला की आपला साक्षीदार गेला.

शेवटी एक सूचना करतो. आपल्या संस्थेने एक जाड वही घालावी. प्रत्येक कुटुंबाने त्यात दोन पाने लिहावीत. पहिल्या पानावर घरात सांगितले जाते ते. दुसऱ्यावर कागदाने सिद्ध झाले ते, तारखेसह. दोन्ही पाने वेगळी असू द्या. पहिले खोडून दुसरे लिहू नका, आणि दुसरे लपवून पहिले मिरवू नका. पुढच्या बुद्धपौर्णिमेपर्यंत दहा घरांची पाने भरली तरी पुष्कळ झाले. वही घालण्याचे आणि ग्रंथालयात सोबत येण्याचे काम मी आनंदाने करीन. रविवारी सकाळी माझ्याबरोबर यायला दोन तरुण हवे आहेत, त्यांनी सभेनंतर मला भेटावे.

 जय भीम! नमो बुद्धाय!