कवळी, ब्रिज की इम्प्लांट?

(गेल्या गणेशोत्सवात केलगेरीत केलेलं भाषण)

एकदंताच्या मांडवात दातांवर बोलायला उभं राहणं जरा गमतीचंच. बाप्पाचा एक दात गेला तरी मोदक सुटला नाही. आम्हा दोघांचे मात्र खालचे सगळे गेले आणि चकली सुटली, कडक भाकरी सुटली. नुसत्या धारवाडी पेढ्यावर माणूस किती दिवस काढणार?

वरची कवळी टाळूला चिकटून राहते. खालचीला तसा आधार नाही. त्यात जीभ सतत हलते आणि दात नसलेलं हाड वर्षागणिक झिजतं. म्हणून ती बोलताना उचलते. आम्ही लग्नकार्यात जेवायला बसणंच टाळू लागलो होतो.

मग इम्प्लांटची चौकशी केली. म्हणजे हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनचे ब्रोनेमार्क १९५२ च्या सुमारास सशांच्या हाडांवर अभ्यास करत होते. हाडात बसवलेलं टायटॅनियम काढायला गेले, तर ते निघेना. हाडानंच त्याला धरलं होतं! १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले.

एका ठिकाणी आम्हाला फक्त स्क्रूचा दर सांगितला. वरचा दात, स्कॅन, हाड भरणं ह्यांचे पैसे निराळे, हे मागाहून कळलं. तेव्हा सगळा खर्च आधी कागदावर मागा. विचारायला संकोच कसला?

एकच दात गेला असेल तर ब्रिज स्वस्त पडतो, पण त्यासाठी शेजारचे दात घासावे लागतात. खालचे सगळेच गेलेल्यांसाठी मधला मार्ग आहे: पुढच्या बाजूला दोनच इम्प्लांट आणि त्यांवर बटणासारखी बसणारी कवळी. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी अशा रुग्णांसाठी हाच पहिला पर्याय असावा असं म्हटलं. आम्हाला मात्र हे कुणी आपणहून सांगितलं नव्हतं.

आम्ही सत्तूरच्या एसडीएम दंत महाविद्यालयात गेलो. १९८६ पासूनचं, चिगरी बसच्या वाटेवरचं. शिकवणाऱ्या रुग्णालयात खर्च सहसा कमी येतो, कारण शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ मात्र जातो. ‘मुंदिन वार बर्री’ किती वेळा ऐकलं, मोजलं नाही. शिवाय हाडानं स्क्रू धरायला तीनेक महिने थांबणं आलंच. साखर ताब्यात नसेल किंवा तंबाखू सुटली नसेल, तर तो धरेल ह्याची खात्री कमी. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा, अगदी पहिल्याच दिवशी.

आता आमची कवळी टिच्‌कन बसते. रात्री काढून घासावी लागते. आतल्या नायलॉनच्या चकत्या सैल झाल्या की बदलाव्या लागतात. त्याचा खर्चही त्याच कागदावर लिहून घ्या.