पांढरी कावीळ आणि पहिल्या दिवसाची लस
(संस्थेच्या वार्षिक समारंभात झालेल्या व्याख्यानावरून)



बक्षीस समारंभाच्या दिवशी काविळीचा विषय काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. पण येथे प्रामुख्याने आई-बाप बसले आहेत, आणि ही गोष्ट त्यांच्याच हातची आहे.

आपल्या खानदेशात कावीळ झाली की प्रथम माळ आठवते. गळ्यात माळ घालतात, कोणी नाकात थेंब सोडतो, कोणी कावीळ उतरवून देतो. दूषित पाण्यापासून होणारी कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. परंतु लोक जिला पांढरी कावीळ म्हणतात, ती हिपॅटायटिस बी, निराळी आहे. ती पाण्यातून येत नाही. रक्तातून, दूषित सुईतून, वस्तऱ्यातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणाच्या वेळी आईकडून मुलाला होते. डोळे पिवळे होतीलच असेही नाही. माणूस धडधाकट दिसतो, मागावर काम करतो, शेत पाहतो, आणि वीस-तीस वर्षांनी यकृत आक्रसते किंवा त्यात कर्करोग होतो. तोपर्यंत घरात कोणाला पत्ता नसतो.

या रोगाचा एक नियम लक्षात ठेवा. मोठ्या माणसाला त्याची लागण झाली तर शंभरातले पंचाण्णव जण त्यातून मोकळे होतात. तीच लागण जन्मतः किंवा तान्हेपणी झाली तर शंभरातील सुमारे नव्वद मुलांच्या शरीरात विषाणू कायमचा घर करतो. म्हणून सगळा प्रश्न पहिल्या दिवसाचा आहे. जन्मानंतर चोवीस तासांच्या आत एक टोचणी, आणि पुढे दीड, अडीच व साडेतीन महिन्यांनी पाच रोगांच्या एकत्रित लसीतून तीन मात्रा, असा सरकारी दवाखान्यातील क्रम आहे. पैसे पडत नाहीत.

मूल जन्मले की आपण त्याच्या कानात अजान देतो. त्यात कोणी उशीर करीत नाही. अकीका सातव्या दिवशी असतो, ही लस मात्र सातव्या दिवसापर्यंत थांबू शकत नाही. मूल दवाखान्यात जन्मले तर परिचारिकेला त्याच दिवशी विचारा. घरी जन्मले तर आशाताईंना ताबडतोब कळवा. सातपुड्याच्या पायथ्याशी यावल-रावेरकडच्या आपल्या तडवी बांधवांच्या पाड्यांवर हे आणखी महत्त्वाचे, कारण तिथून दवाखाना लांब पडतो.

लसीने खरोखर फरक पडतो काय, असे विचारणारे पालक मला मान्य आहेत. आंधळेपणाने ऐकणाऱ्यांपेक्षा ते बरे. तैवानमध्ये १९८४ पासून बाळांना ही लस सुरू झाली. त्या आधी तेथे दर दहा मुलांमागे एकाच्या रक्तात हा विषाणू कायम असे. लस घेतलेली पिढी वाढली तसे ते प्रमाण अगदी थोडे उरले, आणि लहान मुलांचा यकृताचा कर्करोगही घटला. तैवान श्रीमंत आहे, असे कोणी म्हणेल. मग पश्चिम आफ्रिकेतील गांबिया पाहा. गरीब देश, बहुसंख्य लोक मुसलमान. तेथे १९८६ मध्ये काम सुरू झाले व १९९० पर्यंत देशभर पोहोचले. लस मिळालेल्या मुलांत विषाणू बाळगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा दहावरून शेकडा एकाच्याही खाली आले. पैशापेक्षा किती बाळांपर्यंत लस पोहोचली, यालाच महत्त्व आहे.

आपल्याकडे हे काम २००२-०३ मध्ये निवडक शहरे व जिल्ह्यांत सुरू झाले, २००७-०८ मध्ये दहा राज्यांत गेले आणि २०११-१२ मध्ये देशभर झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये भारतात सुमारे तीन कोटी लोकांच्या शरीरात हा विषाणू होता. त्यांतील बहुतेक लसीच्या आधी जन्मलेले. म्हणजे मुलांना लस मिळू लागली तरी वडीलधाऱ्या पिढीत विषाणू तसाच शिल्लक आहे. लसीकरण ढिले पडले की तो पुन्हा पाळण्यापर्यंत पोहोचतो.

आणि ढिलेपणा येतो हे आपल्या शेजारीच दिसले. आग्रा रोडने धुळ्याहून तासाभरात मालेगाव येते. आपल्यापैकी कित्येकांची सोयरीक तिथली. तेथे २०१० मध्ये पोलिओचे रुग्ण सापडले आणि २०२२ च्या अखेरीस गोवराची साथ आली. त्याच सुमारास मुंबईत गोवंडीला व भिवंडीलाही ती होती. गोवर अंगावर उठतो म्हणून लस चुकलेली मुले लगेच नजरेत येतात. पांढऱ्या काविळीचे तसे नाही. ज्या मुलाचे गोवराचे इंजेक्शन चुकले त्याच्या आधीच्या मात्राही चुकल्या असतील काय, हे कार्ड पाहिल्याशिवाय कळणार नाही. राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात पूर्ण लसीकरण झालेली मुले २०१५-१६ मध्ये शेकडा ५६ च्या आसपास होती, २०१९-२१ मध्ये ७३ च्या वर गेली. आनंदाची गोष्ट आहे. पण राज्याची सरासरी एखाद्या मोहल्ल्याला वाचवीत नाही. उरलेली मुले सगळीकडे सारखी विखुरलेली नसतात, ती काही गल्ल्यांत, काही पाड्यांवर एकवटलेली असतात.

शंका कोणत्या असतात तेही जाणतो. पोलिओच्या थेंबांनी पुढे मूल होत नाही, अशी अफवा किती वर्षे फिरली! हज यात्रेला निघालेला आपला बुजुर्ग मेंदूज्वराची लस टोचून घेतो. तेव्हा घरात कोणी हरकत घेत नाही, मग नातवाच्या वेळीच का? हिपॅटायटिस बीची आजची लस खमिराच्या जातीच्या सूक्ष्म जीवांकडून तयार करून घेतात, तिच्यात कोणाचे रक्त नसते. १८९७ साली मुंबईत प्लेग होता, लोक हाफकिनच्या लसीला भीत होते. तेव्हा तिसरे आगाखान, वय वीसच्या आतले, यांनी चारचौघांसमोर लस टोचून घेतली. वाद घालण्यापेक्षा त्याने अधिक काम झाले असावे.

भगिनींनो, पहिले बाळंतपण माहेरी होते आणि कार्ड तिथेच राहून जाते. पहिली टोचणी जळगावला, पुढची धुळ्याला, आणि मधली कुठेच नाही, असे होऊ देऊ नका. गरोदरपणात या विषाणूची रक्ततपासणी मागून घ्या. तपासणीत दोष निघाला तर सुनेला बोल लावण्याचे काही कारण नाही. बहुधा तिलाही तो जन्मतःच मिळालेला असतो. अशा आईच्या बाळाला लसीबरोबर आणखी एक इंजेक्शन देतात, म्हणून डॉक्टरांना आधी कळलेले बरे. सुंता करताना आणि दाढीच्या दुकानात पाते नवे आहे की नाही, हे विचारण्याची लाज बाळगू नका.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी जे २००८ च्या आधी जन्मले त्यांना ही लस बहुधा मिळालेली नाही. फार्मसी, नर्सिंग, प्रयोगशाळेच्या अभ्यासक्रमाला जाणाऱ्यांचा रोज सुईशी संबंध येणार. त्यांनी प्रवेशाआधी रक्त तपासून तीन मात्रा घ्याव्यात : आज एक, महिन्याने दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी. तिसरी विसरणारे फार असतात. ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.