स्टार्टरचा दोष की बसवणीचा?



गावच्या पाण्याच्या टँकरचे इंजिन पूर्ण उघडून पुन्हा बांधले जाते आणि पहिल्यांदा किल्ली फिरवताच दाते घासल्याचा कर्कश आवाज येतो. स्टार्टर निकामी झाला असे समजून नवा आणला जातो. दोष मात्र पुष्कळदा बसवणीत असतो.

स्टार्टरचे लहान पिनिअन फ्लायव्हीलवरील दातेरी कड्यात सरळ आणि योग्य खोलीपर्यंत गुंतले पाहिजे. स्टार्टर इंजिन फिरवीत असतानाच तीक्ष्ण आवाज आला, तर दोहोंतील अंतर अधिक असण्याचा संभव असतो. इंजिन सुरू होऊन किल्ली सोडताना आला, तर अंतर कमी असावे.

प्रथम बॅटरी तपासावी. नव्याने बांधलेले इंजिन काही काळ जड फिरते, हेही ध्यानात ठेवावे. त्यानंतर बॅटरीची तार काढून स्टार्टर उतरवावा. तो टेकतो त्या जागेवर गंज, रंग वा माती नसावी. मूळच्या डॉवेल पिना आणि पातळ पत्रे असल्यास ते जागच्या जागी असावेत. फ्लायव्हील हाताने पूर्ण एक फेरा फिरवून प्रत्येक दात पाहावा. ठरावीक जागीच घासत असेल तर कडे झिजलेले किंवा वाकडे बसलेले असते. सर्वत्र घासत असेल तर स्टार्टरची बसवण चुकलेली असते.

कडे खराब झाल्यास ते बदलण्यासाठी बहुधा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून दुरुस्तीचे देयक मंजूर करण्यापूर्वी इंजिन थंड व गरम अशा दोन्ही अवस्थांत सुरू करून पाहणे हितावह ठरते.